रंधा धरणारे गुरुजी

स्वीडन देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर गोटेनबर्ग हें मोठें बंदर आहे. तेथून अठरा-वीस मैल आंत गेलें म्हणजे एका लांबट सरोवराच्या कांठीं नेस नांवाची एक जुनी जहागीर लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत उन्हाळ्याच्या दिवसांत या जागीं मोठें नवलाचें दृश्य दिसत असे. स्वीडनच्या खेड्यापाड्यांतून, आणि त्यांच्या जोडीला इंग्लंड, स्कॉटलंड, जर्मनी, अमेरिका अशा दूरदूरच्या देशांतून आलेले शाळामास्तर व शिक्षिका कमरेला एप्रन बांधून सुतारी मेजांपुढें ओळीनें उभीं असत. त्यांत लॅटिन पढलेले होते, शाळा तपासणारे अंमलदार होते, केस पिकूं लागलेले मुख्याध्यापक होते. परंतु पहिल्या दिवशीं सर्वांना काम मिळे तें एकच. हातांत एक चाकू व लांकडाचा लहानसा तुकडा घ्यावयाचा, आणि तो तासून, वाचतांना अक्षरावर टेंकवितात तशी एक बारीक टोंकदार काडी तयार करावयाची. आयुष्यभर इतरांना धडे देणाऱ्या या मंडळींची पहिली काडी बहुधा वांकडी होई, आणि ती वांकडी कां झाली हें ज्याचें त्यानें शोधून काढावयाचें असे.

शाळेंत एखादी नवी विद्या, नवें हत्यार किंवा नवें यंत्र आणावयाचें ठरलें म्हणजे पहिला विचार होतो तो सामानाचा. किती खरेदी करावें, कोणत्या खोलींत ठेवावें, पैसा कोणत्या खात्यांतून काढावा, यांवर सभा होतात व ठराव होतात. शिकविणार कोण, आणि त्याला तें कोणी शिकवावयाचें, हा प्रश्न बहुतकरून सर्वांच्या शेवटीं निघतो. सामान तर येऊन पडलेलें असतें, मग हातीं लागेल त्या माणसाकडे तें सोंपविलें जातें. नेसच्या इतिहासाचें महत्त्व हें कीं, तेथें हा शेवटचा प्रश्न पहिला म्हणून विचारला गेला. कारागिराला शिकविण्याची कला द्यावी कीं शिक्षकाला कारागिरी द्यावी, अशा अगदीं उघड्या स्वरूपांत तो तेथें पुढें आला. आणि त्याचें एक उत्तर देऊन पाहून, तें चुकलें असें दिसल्यावर, दुसरें उत्तर देण्याचें धैर्यहि तेथें दिसून आलें.

या विचाराचें बीज मात्र नेसमधलें नव्हे. तें शेजारच्या फिनलंडमध्यें पेरलें गेलें. फिनलंड त्या काळीं रशियाच्या झारच्या सत्तेखालीं होता. १८१० सालीं हामेनलिना येथें जन्मलेला ऊनो सिग्नेउस हा पेशानें धर्मोपदेशक. १८४० ते १८४५ हीं वर्षें त्यानें पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाला, अलास्कांतील सिट्का येथें काढलीं. तो मुलूख तेव्हां रशियाच्या ताब्यांत होता. परत आल्यावर सेंट पीटर्सबर्ग येथील फिनिश मंडळींच्या शाळेचा भार त्यानें वाहिला. पेस्तालोझी व फ्रोबेल यांच्या विचारांचा त्याच्या मनावर खोल ठसा उमटलेला होता. फिनलंडमध्यें सार्वत्रिक प्राथमिक शाळा काढण्याचें ठरलें तेव्हां १८५८-५९ सालीं त्याला युरोपांतील शाळा पाहून येण्यास धाडण्यांत आलें, आणि १८६३ सालीं युव्हास्क्युला या गांवीं शिक्षकांची जी पहिली फिनिश पाठशाळा उघडली तिचा तो पहिला मुख्य झाला.

सिग्नेउसनें या पाठशाळेंत होणाऱ्या शिक्षकांना आणि शिक्षिकांना हस्तकाम सक्तीचें केलें. १८६६ च्या शाळाविषयक कायद्यानें तें फिनलंडच्या प्राथमिक शाळांतहि आलें. सर्व देशभर प्राथमिक शिक्षणांत हस्तकामाला असें हक्काचें स्थान मिळण्याचा हा जगांतील बहुधा पहिलाच प्रसंग होय. परंतु त्याहून मोलाचा होता तो त्याचा आग्रह. हें काम म्हणजे सुतार घडविण्याचा धंदा नव्हे. हातांची, डोळ्यांची व मनाची ती शिकवण आहे. म्हणून वाचन, गणित ज्याच्याकडे असेल त्याच शिक्षकाकडे तेंहि असावें, असें त्याचें सांगणें होतें. बाहेरून कारागीर बोलावला कीं हस्तकाम शाळेच्या आवारांत राहील, पण शिक्षणांत राहणार नाहीं, ही त्याची भीति होती.

स्वीडनमध्यें या गोष्टीकडे पाहण्याची दृष्टि प्रारंभीं अगदींच निराळी होती. तेथें ‘स्लॉइड’ हा शब्द जुना. त्याचा अर्थ हस्तकौशल्य. उत्तरेकडील दीर्घ हिवाळ्यांत शेतकरी कुटुंबें घरांत बसून लांकडाचे चमचे, डाव, दांताळीं, कुऱ्हाडीचे दांडे आणि घरगुती सामान करीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गिरण्यांचा व कारखान्यांचा माल स्वस्त झाला आणि हा घरधंदा खालावूं लागला. रिकाम्या हातांना दारूचें व्यसन जडूं लागलें, अशी त्या काळच्या विचारी माणसांची तक्रार होती. मुलांना शाळेंत स्लॉइड शिकवावें म्हणजे खेड्यांतील बुडणारा घरधंदा तरेल, या हिशेबानें तेथील चळवळ सुरू झाली. तिच्या मुळाशीं शिक्षणापेक्षां अर्थकारणच अधिक होतें.

गोटेनबर्गचा एक श्रीमंत यहुदी व्यापारी आउगुस्ट आब्राहमसन यानें १८६८ सालीं नेसची जहागीर विकत घेतली. दुसऱ्याच वर्षीं त्याची पत्नी वारली. मूलबाळ नव्हतें. मदतीला म्हणून त्यानें आपला भाचा ओटो सॉलोमन यास बोलावून घेतलें. सॉलोमनचा जन्म १८४९ चा. स्टॉकहोमच्या तंत्रसंस्थेंत तो कांहीं काळ राहिला, शेतकीकडेहि वळून पाहिलें, परंतु त्याचें मन कोठेंच स्थिर होईना. तें स्थिर झालें नेसला. १८७२ सालीं मामाच्या पैशानें व भाच्याच्या हौसेनें तेथें मुलांसाठीं स्लॉइडची शाळा निघाली. पुढें मुलींसाठींहि निघाली. पण शाळा निघतांच अडचण उभी राहिली: शिकविणारीं माणसें कोठून आणावयाचीं?

सॉलोमनचें पहिलें उत्तर कोणाहि व्यवहारी माणसाचें असतें तेंच होतें. सुतारकाम सुतारानें शिकवावें. १८७४ च्या सुमारास त्यानें सुमारें एक वर्षाच्या मुदतीचा वर्ग काढला. हाताला कसब असलेल्या माणसांना घेऊन त्यांना थोडें अध्यापनशास्त्र शिकवावयाचें आणि शाळाशाळांतून पाठवावयाचें, अशी ती योजना. १८७७ सालीं सरकारी मदतहि शाळांतील स्लॉइडला मिळूं लागली. सगळें सुरळीत चाललें होतें. त्याच १८७७ सालीं सॉलोमन समुद्र ओलांडून फिनलंडला गेला व सिग्नेउसला भेटला. सिग्नेउस तेव्हां सदुसष्ट वर्षांचा, सॉलोमन अठ्ठावीस वर्षांचा. वृद्धानें तरुणाला आपला मुद्दा पटवून दिला. नेसला परतल्यावर सॉलोमननें १८७८ पासून चालू शिक्षकांसाठीं पांच-सहा आठवड्यांचे वर्ग सुरू केले, आणि १८८२ सालीं कारागिरांचा वर्षाचा वर्ग बंद करून टाकला. स्वतः उभी केलेली, लौकिक पावलेली संस्था केवळ विचार बदलला म्हणून मोडणारे संस्थापक कोणत्याहि देशांत फारसे आढळत नाहींत.

त्याला असें काय पटलें होतें? कुशल कारागीर हा वर्गांत बहुधा एकाच ठिकाणीं अडखळतो. मुलाच्या हातांतील रंधा वांकडा चालला कीं त्याला तें पाहवत नाहीं. तो मुलाला बाजूला सारतो, रंधा स्वतः घेतो, दोन हात मारतो, आणि फळी सरळ करून देतो. फळी सरळ होते. मूल होतें तेथेंच राहतें. कारागिराचें सारें लक्ष वस्तूवर असतें, व तें तसें असणें हाच त्याच्या धंद्याचा धर्म. शिक्षकाचें लक्ष मुलावर असावयास हवें. वस्तु थोडी ओबडधोबड झाली तरी चालेल, पण ती आरंभापासून शेवटापर्यंत मुलानें एकट्यानें केलेली असली पाहिजे. मुलाच्या कामाला शिक्षकानें हात लावतां कामा नये, हा नेसचा कडक नियम होता. दाखवावयाचें तर दुसऱ्या लांकडावर दाखवावें. बोलावयाचें तर मोजकें बोलावें. हा संयम दहा वर्षें करवत चालवून येत नाहीं. शिकण्यास किती वेळ लागतो हें ज्यानें वर्गांत रोज पाहिलें आहे त्याच्या अंगीं तो थोडाफार आलेला असतो. म्हणून सॉलोमनच्या मतें उत्तम कारागिराला शिक्षक करण्यापेक्षां चांगल्या शिक्षकाला बेताचा कारागीर करणें अधिक फलदायी होतें.

बेताचाच, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. सहा आठवड्यांत कोणी सुतार होत नाहीं, आणि सॉलोमननेंहि तसें वचन कोणास दिलेलें नव्हतें. शिक्षणाचें शुल्क नव्हतें. तो खर्च आब्राहमसन सोशी, येणारांनीं आपल्या जेवणाखाण्याचें पाहावें. दिवसाचा मोठा भाग मेजाशीं उभें राहून काम करण्यांत जाई. रोज सॉलोमनचें व्याख्यान होई. स्वीडिशखेरीज जर्मन व इंग्रजी भाषांतूनहि तो बोलत असे. व्याख्यानानंतर वादविवाद होत, संध्याकाळीं खेळ व गाणीं होत. स्त्रिया व पुरुष एकाच खोलींत, एकाच प्रकारचें लांकूडकाम करीत. त्या काळच्या युरोपांतहि ही गोष्ट सर्वांच्या पचनीं पडणारी नव्हती. परंतु प्राथमिक शाळांतून शिक्षिकांची संख्या मोठी असतां त्यांना वगळून हा विषय शाळेंत रुजणार कसा, हा सरळ हिशेब नेसला मांडला गेला होता.

कामाचा क्रम ठरीव असे. सोप्यापासून अवघडाकडे, ओळखीच्यापासून अनोळखीकडे अशा वस्तूंची एक मालिकाच तयार केलेली होती. हत्यारांत पहिला मान चाकूचा; कारण खेड्यांतील प्रत्येक मुलाच्या खिशांत तो असेच, आणि शाळेनें मुलाला ठाऊक असलेल्यापासून आरंभ करावा. मग करवत, रंधा, पटाशी, कानस अशीं एकेक हत्यारें येत. काडीनंतर फुलझाडाला आधार देणारी खुंटी, पुढें कुऱ्हाडीचा दांडा, लांकडी डाव, आणि शेवटीं सांधे जुळवून करावयाच्या मोठ्या वस्तु. शोभेची चीज एकहि नाहीं. केलेली वस्तु घरांत उपयोगी पडली पाहिजे, आणि ती मुलानें घरीं न्यावयाची, बाजारांत विकावयाची नाहीं. मालिकेंतील प्रत्येक वस्तु शिक्षकाला आधीं आपल्या हातानें करावी लागे, आणि उभें कसें राहावें, खांदे कसे ठेवावे, श्वास कोंडतो कां, येथपर्यंत त्याची तपासणी होई. या सर्वांतून शिक्षकाला जें मिळे तें सुतारीपेक्षां निराळें होतें. आपल्याला एखादी गोष्ट येत नाहीं, शेजारणीला येते, आणि मास्तर मागें उभे राहून पाहत आहेत, हा अनुभव त्याला वीस-पंचवीस वर्षांनीं पुन्हां येई. शिकणाऱ्याची स्थिति काय असते याचें स्मरण शिक्षकाला करून देणें, हा त्या सहा आठवड्यांचा मोठा लाभ होता, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

याच काळांत दुसरीकडे एक निराळी वाट चालू होती. मॉस्कोच्या राजकीय तंत्रविद्यालयांत व्हिक्टर देला व्हॉस यानें १८६८ सालीं हत्यारांच्या कामाचें पृथक्करण करून एक पद्धति बसविली. तींत विद्यार्थी वस्तु करीत नसे. तो फक्त सांधे करी, एकामागून एक, आणि ते टाकून देई. एका वेळीं मोठी तुकडी, पुढें एक निष्णात उस्ताद, असा तो प्रकार. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत ते सांधे मांडलेले पाहून मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेचे अध्यक्ष जॉन रंकल भारून गेले, व अमेरिकेंत त्या पद्धतीचा बोलबाला झाला. होणाऱ्या यंत्रज्ञांना ती सोयीची होती यांत शंका नाहीं. परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलाला टाकून देण्याच्या सांध्यांत काय गोडी वाटणार? १८८८ पासून गुस्टाफ लार्सन या स्वीडिश गृहस्थानें बॉस्टन येथें स्लॉइडचे शिक्षक तयार करण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां अमेरिकेंत हे दोन्ही पंथ समोरासमोर आले.

नेसचे दोषहि झांकण्याजोगे नव्हते. वस्तूंची मालिका ही मूळ एक उदाहरण म्हणून होती. येणारांनीं ती पोथी केली. स्वीडनच्या शेतकऱ्याला लागणारा दांडा परदेशांतील शहरी मुलाच्या काय उपयोगाचा, हें न पाहतां तोच दांडा, त्याच मापाचा, शाळाशाळांतून घडूं लागला. मुलाच्या स्वतःच्या कल्पनेला वाव नाहीं, चित्रकलेची जोड अपुरी आहे, असे आक्षेप निघाले. डेन्मार्कमध्यें आक्सेल मिकेलसन यानें १८८५ सालीं कोपनहेगन येथें स्लॉइड शिक्षकांची शाळा काढली, ती नेसहून निराळ्या धर्तीवर. एकेका मुलाकडे वेगळें पाहण्याऐवजीं सबंध वर्गाला एकदम शिकविण्यावर त्याचा भर होता. मोठ्या वर्गाच्या शाळेंत दुसरें शक्यच नाहीं, हा त्याचा मुद्दा खोटा म्हणतां येणार नाहीं. शिक्षकांना तयार करणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या नशिबीं हें दुखणें असतेंच: शिकून जाणारा नमुने बरोबर नेतो, त्यांमागचा विचार पुष्कळदां फाटकाशींच राहतो. आब्राहमसन १८९८ सालीं वारला व त्यानें नेसची मालमत्ता या कार्यासाठीं स्वीडनच्या सरकारास दिली. सॉलोमनचा अंत १९०७ सालीं झाला. वर्ग पुढेंहि अनेक वर्षें चालू राहिले.

त्या पुढल्या वर्षांत, १९२८ सालीं, शांतिनिकेतनाकडून लक्ष्मीश्वर सिंह नांवाचा एक बंगाली तरुण स्वीडनला गेला आणि नेसला स्लॉइडची पद्धति शिकला. हिंदुस्थान व नेस यांच्यामधील हा एक सरळ धागा. परंतु हिंदुस्थानांत हस्तोद्योगाला शाळेच्या मध्यभागीं आणून बसविण्याचा मोठा प्रयत्न झाला तो महाराष्ट्राच्याच अंगणांत, वर्ध्यास. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं तेथें शिक्षणपरिषद भरली. सात प्रांतांत काँग्रेसचीं मंत्रिमंडळें अधिकारावर आलेलीं होतीं, दारूबंदीनें उत्पन्न घटणार होतें, आणि सक्तीच्या शिक्षणाला पैसा हवा होता. गांधीजींचें म्हणणें असें कीं, सर्व शिक्षण एखाद्या मूलोद्योगाच्या द्वारें द्यावें आणि मुलांच्या श्रमांतून शिक्षकाचा पगार निघावा. परिषदेंत प्राध्यापक के. टी. शहा यांनीं यावर स्पष्ट हरकत घेतली. डॉ. झाकिर हुसेन यांनींहि शंका बोलून दाखविल्या. आणि गांधीजींनीं योजना आंखणाऱ्या समितीचें अध्यक्षपद त्यांनाच दिलें. समितींत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, आर्यनायकम् प्रभृति मंडळी होती. डिसेंबरच्या आरंभीं अहवाल तयारहि झाला.

त्या अहवालांतील दिवसाचें वेळापत्रक पाहण्याजोगें आहे. साडेपांच तासांच्या शाळेंत तीन तास वीस मिनिटें मूलोद्योगाला. उरलेल्या वेळांत मातृभाषा, गणित, संगीत, चित्रकला, समाजशास्त्र, सामान्य विज्ञान व व्यायाम. शिवाय हे विषय उद्योगापासून वेगळे शिकवावयाचे नाहींत. टकळीच्या फेऱ्यांतून गणित निघावें, कापसाच्या बोंडांतून भूगोल व इतिहास निघावा, अशी ती समवायाची कल्पना. विचार भव्य होता. परंतु त्याचा सारा भार कोणाच्या खांद्यावर पडत होता? सॉलोमननें शिक्षकाकडून मागितलें होतें तें एवढेंच कीं त्यानें एक हस्तकाम मुलाचें पाऊल ओळखून शिकवावें. वर्ध्याच्या योजनेला असा शिक्षक हवा होता, जो कातणारा असेल, गणिती असेल, आणि सुताच्या धाग्यावर सगळ्या विषयांना ओंवणाराहि असेल. समितीला याची जाणीव नव्हती असें नाहीं. शिक्षकांच्या तयारीसाठीं तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम अहवालांत दिलेला आहे. त्याच्या जोडीस, निकड म्हणून, एक वर्षाचाहि दिला. आणि निकडीसाठीं ठेवलेली वाटच हमरस्ता व्हावी हा व्यवहाराचा नियमच आहे.

समितीनें आणखी एक धोका ओळखला होता. उद्योगाची आर्थिक बाजू पुढें येऊन शैक्षणिक बाजू मागें पडेल, असा इशारा अहवालांतच आहे. सॉलोमननें वस्तु विकण्याला मज्जाव केला तो याच कारणासाठीं. ज्या शिक्षकाचा पगार मुलांच्या सुताच्या लडींवर मोजला जाईल, त्याला मुलाच्या हातांतून टकळी काढून घेण्याचा मोह कसा आवरावा? कारागिराच्या ठायीं जो दोष सिग्नेउसनें पाहिला होता तो अशा रीतीनें शिक्षकाच्या ठायीं उत्पन्न होण्याचा संभव होता. या बाबतींत वर्ध्याच्या योजनेनें आपल्याच शिक्षकाची वाट अकारण अवघड केली असें म्हणावें लागतें.

तरी काम निष्ठेनें सुरू झालें. १९३८ च्या एप्रिलमध्यें वर्ध्यास विद्यामंदिर अध्यापनशाळा उघडली. हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. सेवाग्रामला आर्यनायकम् व आशादेवी या दंपतीनें आपलें आयुष्य त्यास वाहिलें. मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते आणि शिक्षणाचें खातेंहि त्यांच्याचकडे होतें. १९३९ च्या ऑक्टोबरमध्यें पुण्यास या शिक्षणाची पहिली परिषद भरली. आणि त्याच सुमारास मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले. ओरिसांत १९४१ सालीं सरकारनें हा प्रयोगच थांबविला. १९४२ च्या चळवळींत कार्यकर्ते तुरुंगांत गेले. ज्या वेळीं शिक्षकांची पहिली पिढी हाताखालीं तयार व्हावयाची, नेमक्या त्याच वेळीं तिच्यावरचें छत्र गेलें.

महाराष्ट्रापुरतें पाहतां आणखी एक अडचण होती, ती स्वीडनमध्यें नव्हती. तेथील शेतकऱ्याच्या घरीं चाकू व लांकूड सर्वांच्याच हातीं असे. येथें रंधा सुताराच्या घरचा, माग कोष्ट्याच्या घरचा, आणि लेखणी तिसऱ्याच्याच घरची. शिक्षक बहुधा या तिसऱ्या घरांतून येणारा. हातकाम शिकण्यास एक वर्ष त्याला अपुरें पडेच, पण त्या कामाविषयींचा मनांतला संकोच जाण्यास तें त्याहूनहि अपुरें होतें. उलट ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राबणेंच होतें, त्यांना मुलगा शाळेंत जाऊन पुन्हां हातकामच करतो हें कसें रुचावें? शाळा ही त्यांच्या दृष्टीनें त्या राबण्यांतून बाहेर पडण्याची वाट होती. त्यांची ही शंका अडाणीपणाची म्हणून सोडून देण्यासारखी खास नव्हती. तिला उत्तर द्यावयाचें तर तें व्याख्यानांनीं देतां येणार नव्हतें. जो शिक्षक स्वतः आनंदानें कातीत आहे आणि त्यांतून मुलाला गणित उलगडून दाखवीत आहे, त्याचा वर्गच तें उत्तर देऊं शकला असता. आणि असे शिक्षक थोडे होते. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शाळांच्या पाट्या पुष्कळ ठिकाणीं लागल्या, पण १९६४-६६ च्या कोठारी आयोगानें ‘कार्यानुभव’ हा नवा शब्द पुढें केला, तोंवर बहुतेक शाळांत टकळी हा केवळ एक तास होऊन बसलेली होती.

हत्यारें बदललीं, प्रश्न बदलला नाहीं. १९८४-८५ सालीं भारत सरकारनें २५० शाळांत संगणकाची ओळख करून देण्याची योजना आंखली. यंत्रें होतीं ब्रिटनमधील ‘बीबीसी मायक्रो’ या नांवाचीं, तिकडील शाळांसाठीं बनविलेलीं. निवडक शिक्षकांना जवळपासच्या उच्च शिक्षणसंस्थांत थोड्या आठवड्यांचें शिक्षण देऊन परत पाठविण्यांत आलें. यंत्रें मोजकीं, शिक्षक त्याहून मोजके. शिकलेल्या शिक्षकाची बदली झाली कीं खोलीला कुलूप, असें होणें मग ओघानेंच आलें. पुढें संगणक शाळाशाळांत पोंचले तेव्हां पुष्कळ ठिकाणीं ते चालविण्यास बाहेरचा जाणकार नेमला गेला. त्याला यंत्र उत्तम येई. विद्यार्थ्याची चूक झाली कीं तो खुर्ची पुढें ओढी, दोन कळा दाबी आणि पडदा ठीक करून देई. सॉलोमनला हा प्रकार चांगलाच ओळखीचा वाटला असता.

ज्या फिनलंडमध्यें या कथेचा आरंभ झाला तेथें हस्तकाम शाळेंतून कधींच गेलें नाहीं. प्राथमिक वर्गांत तें अद्यापहि बहुतकरून वर्गशिक्षकच शिकवितो, आणि त्याची तयारी विद्यापीठांतील शिक्षकांच्या अभ्यासक्रमांत करून घेतली जाते; वरच्या वर्गांसाठीं हस्तकामाचे स्वतंत्र शिक्षकहि विद्यापीठच घडवितें. २०१६ पासून तेथें जो नवा अभ्यासक्रम अंमलांत आला, त्यांत लांकूडकाम व शिवणकाम हा मुलगे-मुलींचा जुना भेद मोडून सर्वांना दोन्ही एकत्र ठेवलीं आहेत. संगणकाला आज्ञा लिहून देण्याची विद्या त्याच अभ्यासक्रमानें शाळेंत आणली. तिच्यासाठीं नवा विषय काढला नाहीं कीं बाहेरचा उस्ताद बोलावला नाहीं. तिचा कांहीं भाग गणिताकडे दिला, आणि कांहीं भाग दिला तो हस्तकामाकडे. जेथें करवत व कानस ठेवतात त्याच खोलींत, त्याच शिक्षकाच्या हाताखालीं, मुलें आतां लहानशीं आपोआप चालणारीं यंत्रें जुळवितात.